पेटीवर 'बनान' छापू नका

रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात एक मेसेज फिरतोय: 'इंग्रजी बनाना हा मुळात अरबी बनान, म्हणजे बोट. दुबईला जाणाऱ्या पेटीवर बनान छापा, गिऱ्हाईक लगेच ओळखेल. लिपी येत नसेल तर मोबाइलवरून कॉपी-पेस्ट करा.'

'बनान' हा शब्द अरबीत आहे, एवढंच यातलं खरं. अर्थ बोटांची टोकं. फळाला तो कोणी वापरत नाही. केळं म्हणजे 'मौज', उच्चार आपल्या मौजेसारखाच (मजेशी संबंध नाही), बोलताना 'मोज'. 'मौजा' म्हटलं की एकच केळं, म्हणून मालाचं नाव 'मौज'च छापायचं.

'बनाना' अरबीतून आला हेही टिकत नाही. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात लिहितो की गिनीत या फळाला 'बनाना' म्हणतात. पोर्तुगिजांनी शब्द उचलला तो पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, असंच बहुतेक कोशकार मानतात. निर्यातीच्या इंग्रजीत फणीतल्या एकेका केळ्याला 'फिंगर' म्हणतात, म्हणून बोटाची गोष्ट चटकन पटते. गंमत म्हणजे 'मौज'चाच धागा आपल्याकडे येतो: अमरकोशात केळीचं एक नाव 'मोचा' आहे, आणि तेच फारसीवाटे अरबीत गेलं असं मानतात.

राहिलं कॉपी-पेस्ट. खरा घोळ इथेच होतो, शब्द बरोबर असला तरी. 'मौज'ची अक्षरं उजवीकडून तीन: मीम, वाव, झाय. मीम वावला चिकटतो. वाव पुढच्याला चिकटत नाही, त्यामुळे झाय सुटाच दिसतो. ती चूक नव्हे. अरबीची सोय नसलेल्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये मात्र मीमही सुटतो आणि क्रम उलटतो. अरब माणूस मग ते 'झूम' असं वाचतो! खरखरीत पुठ्ठ्यावर शाई पसरून झायवरचा ठिपका बुजला, तर 'र' उरतो.

यावर काहीजण अख्खी ओळच हाताने उलटी टाइप करतात. मजकूर उजवीकडून चालला तरी अरबीत आकडे डावीकडूनच वाचतात, त्यामुळे १३ किलोची पेटी ३१ ची होऊन बसते. त्यापेक्षा आयातदाराकडूनच मजकूर पीडीएफमध्ये मागवा, डिझायनरला तो टाइप न करता चित्र म्हणून बसवायला सांगा, आणि प्लेट काढण्याआधी प्रूफचा फोटो आयातदाराला पाठवा. तोवर आपणही बघून घ्यायचं: मीम जुळलाय का, ठिपका आहे का, १३ चे १३ च आहेत का.