लास्ट सीन बघायचं तर फोन तरी कशाला करता?

हॉस्टेलवर राहायला आलेय की जामिनावर सुटलेय, हेच कळेनासं झालंय. सकाळी डोळे चोळत फोन हातात घ्यावा, तर आईचा मेसेज: "रात्री पाऊण वाजता ऑनलाइन होतीस. झोपली नव्हतीस का?" अगं, सबमिशन होतं! अख्खा वर्ग जागा होता. आणि मी पाऊण वाजता ऑनलाइन होते हे तुला कसं कळलं? तू का नव्हतीस झोपली?

त्या निळ्या टिकांनी तर जीव नकोसा केलाय. २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर त्या ज्यांनी आणल्या, त्यांना आमच्या फॅमिली ग्रुपमध्ये महिनाभर ठेवायला हवं होतं. मेसेज वाचला की "बघितलंस आणि उत्तर नाही?" नाही वाचला की "फोन कुठाय तुझा?" शेवटी सेटिंगमध्ये जाऊन टिका बंद केल्या. पण ग्रुपला ते लागूच होत नाही! तिथे आपला मेसेज दाबून धरायचा, इन्फो उघडायचं, की कोणी किती वाजता वाचला त्याची यादी हजर. हे काकांना बरोब्बर माहीत आहे. ज्या माणसाला साधी पीडीएफ उघडायला मला व्हिडिओ कॉल करावा लागतो, त्याला हे शिकवलं कोणी?

लास्ट सीन लपवलं, तर लगेच बाबांचा फोन. "लपवण्यासारखं आहे काय एवढं?"

प्रॅक्टिकलला फोन बॅगेत असतो. बाहेर येऊन बघते तर मिस्ड कॉलची रांग, आणि रूममेट तोंड पाडून उभी: "तुझ्या आईने मला फोन केला होता." तिचा नंबर अ‍ॅडमिशनच्याच दिवशी घेऊन ठेवलाय. ती बिचारी स्वतःच्या आईला उत्तरं देईल की माझ्या?

लाइव्ह लोकेशनची तऱ्हा आणखी वेगळी. ते आठ तासांनी आपोआप बंद पडतं, म्हणून रोज सकाळी "चालू कर"चा धोशा. त्यात इमारतीच्या आत जीपीएस धड चालत नाही, ठिपका भलतीकडेच भटकतो. मी लायब्ररीत खुर्चीला चिकटलेली आणि घरच्यांच्या फोनवर मी हायवेवर! झालं. "गाडी कोणाची आहे?" अहो, कसली गाडी? पुस्तक आहे समोर, पुस्तक!

एवढी पाळत ठेवतात, पण मी प्रोजेक्ट कशावर करतेय ते विचारा, घरात एकालाही सांगता येणार नाही. परवा व्हिडिओ कॉलवर मीच आपणहून सांगायला लागले, तर आई म्हणते, "ते राहू दे, कॅमेरा जरा फिरव, खोली बघू."

आता दादाने नवीन अ‍ॅप शोधून काढलंय. त्यात म्हणे लोकेशनबरोबर माझ्या फोनची बॅटरी किती टक्के उरलीय तेही घरी दिसतं. म्हणजे आता "चार्जर कुठाय?" म्हणून फोन येणार, अर्धा तास चालणार, आणि उरलीसुरली बॅटरीही तोच संपवणार.