चार कोटी प्रतींसाठी संसार कसा मोडावा

आपला रॉक बँड आहे, गाणी बरी जमतात, पण अल्बम काही केल्या खपत नाही, अशी आपली तक्रार असेल, तर गिटारच्या तारा बदलण्याआधी एकदा घरात डोकावून पाहावे. तिथे सगळे सुरळीत चालले असेल, तर खपाची आशा सोडलेली बरी.

फ्लीटवुड मॅक या बँडचा ‘रूमर्स’ हा अल्बम ४ फेब्रुवारी १९७७ रोजी बाजारात आला, अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत एकूण ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसला, वर्षातील सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पटकावून गेला आणि आजवर जगभरात त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्याचे मानले जाते. हा पराक्रम पाच जणांचा होता. त्यांपैकी बास वाजवणारा जॉन मॅकव्ही आणि कीबोर्ड वाजवणारी क्रिस्टीन यांचे आठ वर्षांचे लग्न मोडले होते, गिटार वाजवणारा लिंडसे बकिंगहॅम आणि गायिका स्टीव्ही निक्स ही जोडी फुटली होती, आणि ड्रमर मिक फ्लीटवुडच्या घरीही काही निराळे चालले नव्हते. आपणही पाचांपैकी पाच जणांचा आग्रह धरावा. एखादा जरी सुखात राहिला, तरी त्याचा परिणाम तालावर होतो.

जागा निवडताना खिडक्या नसलेली निवडावी. १९७६ च्या सुरुवातीला ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो येथील रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत शिरली, तिथे खिडक्या नव्हत्या. त्यामुळे बाहेर दिवस आहे की रात्र, हा प्रश्न भांडणाच्या आड आला नाही. मुक्कामालाही दोघी बंदराजवळच्या घरांत आणि पुरुष टेकडीवर अशी व्यवस्था होती. आपल्याकडच्या भाऊबंदकीत जशी एका घरात दोन चुली पेटतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे संध्याकाळी सगळ्यांना एकाच सुरात गायचे असते.

आणि खरी विद्या आहे ती याच गाण्यात. सोडून गेलेल्या माणसावर गाणे कोणीही लिहील. त्यात त्या माणसालाच कोरसला उभे करणे जमले पाहिजे. बकिंगहॅमने ‘गो युअर ओन वे’मध्ये निक्सच्या वागण्यावर शेरा मारणारी एक ओळ घातली. ती खोटी आहे, काढून टाक, असे तिने सांगितले. त्याने काढली नाही. मग तिने त्याच गाण्यात मागून स्वर दिला, आणि पुढे वर्षानुवर्षे रंगमंचावर देत राहिली. आपल्यावरचा आरोप आपणच वरच्या पट्टीत आळवायचा, तोही बेसूर न होता, याचा रियाज लवकर सुरू करावा. उलट बाजूने निक्सने शेजारच्या खोलीत, कीबोर्ड मांडीजवळ ओढून, सुमारे दहा मिनिटांत ‘ड्रीम्स’ लिहिले, आणि ते सजवायचे काम साहजिकच बकिंगहॅमकडे आले. अमेरिकेत त्याचे गाणे दहाव्या क्रमांकापर्यंत गेले, तिचे पहिल्या. सजावट जरा कमी केली असती तर बरे झाले असते, असे त्याला कधी वाटले असेल काय, हा विचार माझ्या मनात अधूनमधून येतो.

भांडत राहिल्याने काम लांबते, लांबू द्यावे. तीच टेप महिनोन्महिने यंत्रातून फिरवत राहिल्याने तिच्यावरचा थर झिजला आणि ड्रमच्या आवाजातली धार नाहीशी झाली. सुदैवाने मूळ वादनाच्या वेळी दुसऱ्या यंत्रावरही टेप चालू ठेवलेली होती. मग एका कानात झिजलेली टेप, दुसऱ्या कानात ताजी, आणि हाताने यंत्राची गती कमीजास्त करत दोन्हींचे ठोके जुळवायचे, असा उद्योग तंत्रज्ञाने तासन्तास केला. बँडमध्ये कोणाचे तरी कोणाशी जुळावे, ही सोय तरी अशी झाली.

निक्सचे ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणे लांबीमुळे अल्बममधून वगळले गेले. त्याला जागा मिळाली ती ‘गो युअर ओन वे’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला, म्हणजे ज्याच्यावर लिहिले त्याच्याच पाठीशी. ही कल्पना कोणाची, हे विचारू नये; फक्त अनुकरण करावे.

फळे पुढे आपोआप येतात. क्रिस्टीनने नवऱ्यापासून वेगळे होताना, उद्याकडे बघ, असे समजावणारे ‘डोन्ट स्टॉप’ लिहिले, आणि १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी ते प्रचारगीत म्हणून वापरले; घटस्फोटातली समजूत राष्ट्राध्यक्षपदापर्यंत नेता येते, हे त्यांना नेमके कळले असावे. २०२० मध्ये स्केटबोर्डवरून जाता जाता क्रॅनबेरीचा रस पिणाऱ्या एका माणसाच्या टिकटॉक व्हिडिओमुळे ‘ड्रीम्स’ पुन्हा याद्यांमध्ये चढले. भांडण मिटले असते, तर चव्वेचाळीस वर्षे टिकले असते का?

एक बारीक तयारी मात्र राहिली. क्रिस्टीनने बँडच्या प्रकाशयोजनाकारावर, म्हणजे आपल्या नव्या प्रियकरावर, ‘यू मेक लव्हिंग फन’ लिहिले आणि जॉनला सांगितले की ते कुत्र्यावर आहे. जॉनने बास वाजवला, चांगला वाजवला, गाणे अमेरिकेत पहिल्या दहांत गेले. तेव्हा आपल्या घरी कुत्रा नसेल, तर ध्वनिमुद्रणाच्या निदान महिनाभर आधी तो आणावा.