आजी, कट्टा आणि थेरपी

‘पूर्वी आजी होती, कट्टा होता, म्हणून कुणाला थेरपिस्ट लागत नसे. आता पैसे मोजून त्याच गप्पा मारायच्या आणि वर आईबापांना दोष द्यायचा. सगळं परदेशी खूळ!’ हा मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून कुणी उपचार टाळू नये, म्हणून हे उत्तर.

आधी ‘त्याच गप्पा’. ओसीडी (नकोसे विचार आणि त्याच त्या कृती पुन्हापुन्हा करायला लावणारा मानसिक आजार) असलेली बाई पुन्हापुन्हा हात धुते आणि विचारते, “झाले ना गं स्वच्छ?” मायेचं माणूस म्हणणार, “हो गं, झाले.” तिला घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा नळ. त्या घटकाभराच्या सुटकेनेच सवय घट्ट होत जाते. उपचारात नेमकं उलटं करतात. कशाची भीती किती, याची चढती यादी होते. मग दाराच्या कडीला हात लावायचा आणि न धुता बसून राहायचं. “काही होत नाही” असा दिलासा थेरपिस्ट मुद्दाम देत नाही. घरच्यांनाही तो हळूहळू थांबवायला शिकवतात. न धुताही अस्वस्थता सोसता येते, हे तिला स्वतःला अनुभवावं लागतं. मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला ओसीडीत आजही पहिली पसंती आहे. कुठल्या आजीला नातीची ती तगमग बघवेल?

मनोविश्लेषणात, म्हणजे मनात दडलेलं बोलून उलगडण्याच्या उपचारपद्धतीत, बालपण निघतं, हे खरं. पण ते आईबापांवर खटला भरायला नाही. विश्लेषक गप्प बसला की एखाद्याला वाटतं, हे माझ्यावर चिडलेत. वडिलांच्या अबोल्याला तो जसा घाबरायचा तसाच आज इथे घाबरतोय, हे दोघं मिळून तपासतात. शिवाय प्रत्येक थेरपी बालपणात शिरत नाही. मनोविश्लेषणातच तयार झालेल्या मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात नैराश्यासाठी रुग्णाच्या आजच्या विचारांवर काम करणारी पद्धत उभी केली.

परदेशी खूळ? गिरींद्रशेखर बोस यांनी कोलकात्यात मनोविश्लेषकांची संस्था काढली ती १९२२ मध्ये. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, अविवेकी समजुती तपासून बदलण्याची विवेकनिष्ठ पद्धत मराठी माणसांपर्यंत आणली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी.

पैशांची तक्रार मात्र रास्त आहे. शहरातली फी अनेकांना झेपत नाही आणि धड प्रशिक्षण न घेता पाटी लावणारेही आहेत. पण गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराची पदवी नसलेल्या, मात्र रीतसर शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ सत्रं केली. तीन महिन्यांनी त्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे छापलं. आणि आज फी परवडत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.