‘पापी’ या शब्दाचे अनेकवचन

गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात चहा घेत उभे असताना मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी माझ्या पुतण्याचा विषय काढला. नोकरीला लागल्यापासून तो चर्चला येत नाही आणि कोणी विचारलेच तर देव आहे असे आपल्याला वाटत नाही, हे सरळ सांगून टाकतो. बाई म्हणाल्या, “पापाने डोळे झाकलेत हो त्याचे, दुसरे काय!” तिघाचौघांनी माना डोलावल्या. कपातला चहा संपायच्या आत निकाल लागलाही होता.

बाईंच्या म्हणण्याला शास्त्राचा आधार अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की माणसे सत्य दाबून ठेवतात आणि म्हणून त्यांची मने अंधारतात. योहानाच्या शुभवर्तमानातही पाप आणि अविश्वास यांची सांगड घातलेली आहे. मात्र पौलाचा युक्तिवाद तिथे थांबत नाही. दुसरा अध्याय उघडताच तो दुसऱ्याला दोष लावणाऱ्याकडे वळतो आणि तिसऱ्या अध्यायात ‘सर्वांनी पाप केले आहे’ असे सांगून आतल्या-बाहेरच्यांमधली भिंतच काढून टाकतो. आपण बहुधा पहिला अध्याय वाचून पुस्तक मिटतो.

मराठीत ‘पाप’ या शब्दाची स्वतःची अशी एक अडचणही आहे. आपल्याकडे पाप हे पुण्यासमोर मांडायचे, घडा भरेपर्यंत साठवायचे आणि शेवटी फेडायचे असते. ‘कुठे फेडशील हे पाप?’ असे आपण सहज विचारतो. या हिशेबाने पाहिले तर माझा पुतण्या पापी ठरणे कठीण आहे, कारण माझ्या आईच्या आजारपणात रुग्णालयातल्या बाकड्यावर सलग अकरा रात्री काढणारा तोच होता आणि आम्ही देवभीरू मंडळी आळीपाळीने प्रार्थना करून घरी झोपायला जात होतो. ख्रिस्ती शिकवणीतले पाप मात्र कृत्यांच्या यादीपेक्षा खोल आहे. नव्या करारातल्या मूळ ग्रीक शब्दात नेम चुकण्याचा अर्थ आहे. माणसाचे मनच स्वतःभोवती वळलेले असते आणि त्याची सत्कृत्येही त्या वळणातून सुटत नाहीत. स्वतःच्या बळावर माणूस निष्पाप राहू शकतो, या पेलागियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाच्या मताला बिशप ऑगस्टीनने विरोध केला आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने ते मत फेटाळले, ते याच मुद्द्यावर. आदामाचा दोषच वारशाने येतो की केवळ त्याचे मरण आणि दुबळेपण, यावर पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांचे आजही एकमत नाही. पण या वारशातून श्रद्धावंत तेवढे सुटतात, असे यांपैकी कोणीही शिकवलेले नाही.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, त्यामुळे कर्ज फेडले जाणे आणि कर्ज सोडून देणे या दोन नोंदींतला फरक मला चांगला ठाऊक आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ऋणे ‘फेडण्याची’ ताकद मागत नाही, ती ‘सोड’ अशी विनंती करतो. आणि तीही आपण आपल्या ऋणकोंना सोडले आहे असे म्हणत. ही अट उच्चारताना जीभ अडखळायला हवी.

अविश्वासाबद्दलही तसेच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला, पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, अशी कबुली त्यांनीच पुढे दिली. मधली कित्येक वर्षे त्या मिशनऱ्यांशी सिद्धान्तांवर वाद घालत होत्या. आजच्या एखाद्या मंडळीने त्यांना चहाच्या कपावरच निकालात काढले असते. (चहा आणि प्रायश्चित्त यांचे नाते पुण्याला नवे नाही, १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक आणि रानडे यांच्यावर ग्रामण्य, म्हणजे धर्म मोडल्याबद्दलचा बहिष्काराचा खटला, आले होते. तेव्हा निवाडा करणारे आवाराबाहेरचे होते, एवढाच फरक.) मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि आपला अविश्वास एकाच वाक्यात येशूपुढे ठेवतो, आणि येशू त्याला परत पाठवत नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने तर १९६५ मध्ये स्पष्टच नमूद केले की नास्तिकता वाढण्यात श्रद्धावंतांच्या वागण्याचाही वाटा असू शकतो. मी प्रोटेस्टंट आहे, पण हे वाक्य आमच्याही सूचनाफलकावर लागावे असे मला वाटते.

घरी आल्यावर पुतण्याला हे सगळे मी जरा उत्साहाने ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग काका, तुम्ही त्यांना तिथे काय म्हणालात?”

मी काहीच म्हणालो नव्हतो. माझ्या हातात कप होता आणि बाई पुढच्या महिन्यातल्या सणाच्या जेवणाची वर्गणी गोळा करत होत्या. या रविवारी उपासनेत पापांगीकाराचे, म्हणजे सगळ्यांनी मिळून पापे कबूल करण्याच्या प्रार्थनेचे, पान उघडले. बोटांनी मळलेला त्याचा कोपरा आमच्या पुस्तकात सगळ्यांत काळा आहे. तिथे सगळी वाक्ये ‘आम्ही’ने चालतात. त्यांतली अर्धी मी नेहमीसारखी पाठ म्हणून गेलो, आणि जे करायला हवे होते ते आम्ही केले नाही, या ओळीवर मात्र माझा आवाज बाकीच्यांच्या मागे पडला. बाई पुढच्याच बाकावर बसल्या होत्या.