‘लहान आहे, भरून येईल’ म्हणणाऱ्यांसाठी

मेंदूला मार लागलेल्या मुलांच्या आईवडिलांना धीर देणारा एक मजकूर फोनवर सतत पुढे पाठवला जातो. मुलाचं वय जितकं कमी तितका मेंदू लवकर भरून येतो, मूल चालू-बोलू लागलं की संकट टळलं, पुढचे हट्ट म्हणजे नुसते लाड, आणि आईवडिलांनी फक्त खंबीर राहावं, असा त्याचा सूर.

‘लहान वय बरं’ हा समज जुना आहे. 1930च्या दशकात मेंदूच्या अभ्यासक मार्गारेट केनर्ड यांनी माकडांच्या मेंदूतल्या हालचालींच्या भागाला इजा केली, तेव्हा पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरली. पण ती इजा नेमक्या एकाच जागेपुरती होती. अपघातात डोकं जोरात हिंदकळलं, तर मेंदूभरचे तंतू ताणले जातात. अशा पसरलेल्या, गंभीर इजेत अगदी लहान मुलांचं नुकसान उलट जास्त होऊ शकतं, कारण जे अजून शिकायचंच आहे त्याचा पायाच हललेला असतो. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. त्यामुळे चौथ्या वर्षीच्या इजेचा परिणाम कधीकधी अकराव्या वर्षी, अभ्यास स्वतः आखायची वेळ आल्यावर दिसतो. तोवर शाळेत कुणाला अपघात ठाऊकही नसतो. म्हणून दरवर्षी नव्या शिक्षकांना लेखी कळवावं.

चालणं-बोलणं बऱ्याचदा आधी परततं. थकवा, मंदावलेला विचार, पटकन उसळणारा राग मागे रेंगाळतात, कधी सीटी स्कॅन स्वच्छ असूनही. त्याला लाड म्हणून शिक्षा करण्यापेक्षा एका वेळी एकच सूचना द्या आणि मध्ये विश्रांती द्या. फरक पडतो.

राहिला ‘खंबीर राहा’चा उपदेश. मला सर्वांत जास्त खटकतो तो हाच. घरातला ताण आणि पालकांची मनःस्थिती यांचा मुलाच्या पुढच्या वागण्याशी संबंध असतो, हे दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत दिसलं आहे. म्हणूनच कुटुंबाला सोबत घेऊन अडचणी सोडवायला शिकवणारे उपचार उभे राहिले, काही तर व्हिडिओ कॉलवरूनही चालतात. मूल वाचलं, तरी आधीचं मूल हरवल्यासारखं वाटणं हे दुःखच आहे. ‘जीव वाचला ना’ म्हणून ते गप्प करता येत नाही. नातेवाइकांनी उपदेशाऐवजी एखादी संध्याकाळ मुलाजवळ बसावं, डॉक्टरांकडे सोबत जाऊन ते सांगतील ते लिहून घ्यावं. आणि घरातल्या दुसऱ्या भावंडाला, ज्याच्याकडे कित्येक महिने कुणी नीट पाहिलेलं नसतं, थोडं बाहेर फिरवून आणावं.