ढाल, तलवार आणि साडेचार मिनिटांची अंडी

स्वतःचं गुप्तचर खातं काढायचं तुमच्या मनात घाटत असेल, तर आधी अभिनंदन. देश लहान असला तरी बिघडत नाही. उलट लहानच बरा, माणसं मोजकी असली की प्रत्येकाकडे जातीनं लक्ष देता येतं. फक्त उगाच आपलं डोकं चालवू नका. तयार नमुना आहे: पूर्व जर्मनीचं राज्य सुरक्षा मंत्रालय, म्हणजेच स्टासी. जन्म ८ फेब्रुवारी १९५०. चाळिशी गाठायच्या आतच आटोपलं, पण तेवढ्या अवधीत त्यांनी कागदाला कागद जोडत १११ किलोमीटर लांबीचं दप्तर उभं केलं. फायली नुसत्या शेजारी शेजारी उभ्या केल्या तर मुंबईहून निघून लोणावळ्याच्या पुढे जातील. एवढं जमवूनही खुद्द आपण कधी बुडणार, ही बातमी काही त्यांना लागली नाही. पण ते पुढे.

ब्रीदवाक्यापासून सुरुवात करा. त्यात देशाचं किंवा जनतेचं नाव चुकूनही येऊ देऊ नका, लोक पुढे हिशेब मागतात. स्टासी स्वतःला 'पक्षाची ढाल आणि तलवार' म्हणवून घेई, पक्ष म्हणजे सत्तेवरचा कम्युनिस्ट पक्ष. पगार सरकारी तिजोरीतून, ढाल पक्षाची, आणि तलवारीचं टोक कुणाकडे ते ज्याचं त्यानं समजून घ्यायचं.

मग लवकरात लवकर एक सणसणीत अपयश पदरात पाडून घ्या. त्याशिवाय बजेट वाढत नाही. स्टासीला ते चौथ्या वर्षीच लाभलं. सरकारनं कामाचा कोटा वाढवला, मजुरी तीच ठेवली. पूर्व बर्लिनचे बांधकाम मजूर थापी-घमेलं टाकून रस्त्यावर आले आणि १७ जून १९५३ ला सगळा देश पेटला. रशियन रणगाडे आले तेव्हा कुठे शांतता झाली. खात्याला आधी पत्ताही नव्हता. पहिले मंत्री विल्हेल्म त्सायसर घरी गेले. आता यातून धडा काय घ्यायचा? मजूर का चिडले याचा शोध घ्यावा, असं तुमच्या मनात आलं असेल तर तुम्ही या धंद्याच्या कामाचे नाही. धडा असा की माणसं कमी पडली.

तेव्हा माणसं भरा. १९८९ पर्यंत स्टासीकडे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि वर साधारण १,८९,००० बिनपगारी खबरे. देशाची वस्ती होती जेमतेम १ कोटी ६४ लाख. दोन्ही धरले तर साठेक माणसांमागे एक कान पडतो. म्हणजे मध्यम आकाराच्या एका सोसायटीत एक. तुमच्या सोसायटीत हे काम कोण हौसेनं करतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. स्टासीनं त्याच माणसाला टोपणनाव दिलं आणि महिन्यातून दोनदा त्याचं ऐकून घ्यायला एक साहेब नेमला. खबऱ्यानं बहुधा स्वतःच्या हस्ताक्षरात हमीपत्र लिहून द्यायचं आणि बऱ्याचदा टोपणनावही स्वतःच निवडायचं. ही बारीकशी सूट महत्त्वाची. बारशाचा मान मिळाला की माणूस कामाला लागतो. कुणी भीतीपोटी यायचा, कुणी बढतीसाठी, कुणी खरोखर पक्षावरच्या श्रद्धेनं. आणि काही जण तर केवळ आपलं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, या सुखासाठी. हा शेवटचा वर्ग कोणत्याही देशात मुबलक सापडेल.

आता जमवायचं काय? तर सगळं. निवड करत बसलात की विचार करावा लागतो. संशयिताला चौकशीला बोलवा, खुर्चीवर बसवा, गप्पा मारा. खुर्चीवर आधीच एक पिवळं फडकं अंथरून ठेवलेलं असतं. गृहस्थ घामाघूम होऊन उठून गेले की चिमट्यानं ते फडकं उचलायचं, काचेच्या बरणीत घालायचं, झाकण घट्ट लावायचं आणि वर नाव-तारखेची चिठ्ठी डकवायची. उद्या कुठे सरकारविरोधी पत्रक सापडलं, की कुत्र्याला आधी पत्रक हुंगवायचं, मग बरण्या. फळीवर ओळीनं मांडलेल्या या बरण्यांचे फोटो मी पाहिले आहेत. आजीच्या फडताळातल्या लोणच्याच्या बरण्यांची आठवण यावी इतकी नीटस मांडणी. फरक एवढाच की आजी कधीतरी झाकण उघडून त्यातलं काही वाढायची.

टपालाचीही हयगय नको. त्यासाठी वेगळा विभाग, त्यात वाफेची यंत्रं. मोदक उकडावेत तशी पाकिटं वाफेवर धरायची, गोंद सुटला की मजकूर टिपून घ्यायचा, पुन्हा चिकटवून इस्त्री केल्यासारखी सपाट करून पाठवायची. पश्चिम जर्मनीतल्या मावश्या-आत्या पाकिटात नोटा घालून पाठवत. त्या नोटा मात्र बहुतेक वेळा पुढच्या प्रवासाला निघत नसत. राष्ट्राच्या सुरक्षेचा खर्च कुणीतरी उचलायलाच हवा, मावशीनं उचलला.

या सगळ्याच्या वर एक माणूस बसवा आणि त्याला उठवू नका. एरिश मीलके १९५७ साली मंत्री झाले ते १९८९ पर्यंत, बत्तीस वर्षं. गुप्तचर खात्याच्या प्रमुखाला इतकी वर्षं कोण काढणार? काढणाऱ्याचीही फाइल त्याच्याकडेच. मीलकेंच्या कपाटात एक लाल सुटकेस होती आणि तिच्यात देशाचे सर्वेसर्वा एरिश होनेकर यांच्याविषयी नाझी काळातले कोर्टाचे कागद होते. नुसती होती. उघडून दाखवायची गरज पडत नाही, ती सुटकेस कोपऱ्यात दिसली तरी पुरतं.

प्रमुखाच्या न्याहारीविषयी नियम आधीच घालून द्या. मीलकेंच्या सेक्रेटरीबाईंनी एका कार्डावर चक्क आकृती काढून ठेवली होती: ताट कुठे, कप कुठे, चमचा कुठे, आणि अंडी दोन, आधी टोचून मग साडेचार मिनिटं उकडलेली. बर्लिनच्या नॉर्मानेनस्ट्रासेवरच्या त्या कचेरीत आता संग्रहालय आहे. एक कोटी चौसष्ट लाखांच्या देशात माणसांचं खाणं-पिणं-झोपणं टिपणाऱ्या या अवाढव्य यंत्रातला सगळ्यात अचूक कागद बहुधा तोच असावा. त्यातली माहिती खरी होती, वेळेवर मिळत होती आणि तिच्यावर ताबडतोब अंमल होत होता.

हौसमौजही हवी. पोलीस आणि सुरक्षा खात्यांच्या क्रीडासंघटनेचे अध्यक्ष मीलकेच, आणि त्यांचा लाडका फुटबॉल संघ बर्लिनचा डायनॅमो. या संघानं १९७९ ते १९८८ अशी सलग १० वर्षं देशाची लीग जिंकली. पंच कसे होते हे विचारू नका. स्टेडियममध्ये लोक मनसोक्त शिट्ट्या घालत. एवढ्या मोठ्या गर्दीत नेमकं कोण ओरडलं ते टिपून घेणं स्टासीलाही जड जाई.

परदेशी हेरगिरी हे खात्याचं भूषण. तिथे मार्कुस वोल्फ नावाचा बुद्धिमान माणूस होता, आणि त्याचा चेहरा कसा आहे हेसुद्धा पश्चिमेला कित्येक वर्षं माहीत नव्हतं. पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर विली ब्रांट पूर्वेशी जुळवून घेऊ पाहत होते, तेव्हा ब्रांट पूर्व जर्मनीला हवेच होते. १९७२ मध्ये ब्रांटवर अविश्वासाचा ठराव आला. तो फसावा म्हणून स्टासीनं एका विरोधी खासदाराला ५०,००० मार्क चारले. ठराव दोन मतांनी पडला, ब्रांट वाचले. छान. आणि दोनच वर्षांनी, एप्रिल १९७४ मध्ये, त्याच ब्रांट यांच्या कचेरीत बसलेला त्यांचा सहायक ग्युंटर गियोम स्टासीचा हेर म्हणून पकडला गेला आणि ब्रांट यांना राजीनामा द्यावा लागला. एका हातानं विकत घेतलेलं दुसऱ्या हातानं सांडलं. हेरगिरीच्या दृष्टीनं मात्र कामगिरी अव्वल, यात शंका नाही.

देशातल्या बोलभांड लोकांचं काय करायचं? तुरुंगात टाकलं तर परदेशी वर्तमानपत्रं ओरडतात. शिवाय तुरुंग लपवावा लागतो. होहेनशोनहाउझेनचा तुरुंग पूर्व बर्लिनच्या नकाशावर नव्हताच, तिथे नुसती कोरी जागा. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे माणूस कुजवणं. तसा त्यांचा शब्दच होता, त्सेरझेट्सुंग, आणि त्यावर १९७६ च्या जानेवारीत रीतसर हुकूम निघाला, क्रमांक १/७६. खरं आणि पटेलसं खोटं एकत्र कालवून बदनामी करा, नोकरीत ठेच लागेल असं बघा, निनावी पत्रं पाठवा, मित्रामित्रांत संशय पेरा. घरी कुणी नसताना आत शिरून भिंतीवरच्या तसबिरी हलवून ठेवा, गजराचं घड्याळ भलत्याच वेळेला लावा. चोरी काहीच नाही. बिचारा पोलिसांत जाऊन सांगणार काय, की कुणीतरी येऊन माझा गजर बदलून गेलं? बायकोसुद्धा म्हणेल, जरा डॉक्टरांना दाखवून या. इथे थट्टा करायला माझी लेखणी जरा अडखळते, कारण अशी माणसं खरोखर होती आणि त्यांतल्या अनेकांची झोप पुढे कधीच परत आली नाही. असो. खातं तुमचं आहे, तुम्ही अडखळू नका.

एवढं सगळं उभं राहिलं की मग ती सुवर्णसंधी येते, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप: वरच्याला खरं सांगायची वेळ. ३१ ऑगस्ट १९८९. हंगेरीची सीमा सैल झाली होती, लोक सुट्टीला म्हणून जात होते ते परत येत नव्हते. खालून आलेल्या अहवालांत वैतागाचे सूर होतेच. दुकानात काय मिळत नाही, रांगेत लोक काय बोलतात, सगळं लिहिलेलं होतं. मीलकेंनी जिल्ह्याजिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांना बोलावलं आणि सरळ विचारलं, उद्या १७ जून उसळणार आहे का? गेरा जिल्ह्याच्या कर्नलसाहेबांनी उत्तर दिलं: उद्या नाही, आणि होणारही नाही, त्यासाठीच तर आम्ही आहोत.

हे उत्तर तुमच्या खात्याच्या प्रवेशद्वारावर दगडात कोरून घ्या. १७ जूननंतरचा छत्तीस वर्षांचा अनुभव, ९१,००० माणसं, बरण्या, वाफेची यंत्रं, आणि या सगळ्याचा अर्क म्हणजे 'साहेब, आम्ही आहोत ना'. कर्नल मूर्ख होता असं मला वाटत नाही. त्याच्या जागी तुम्ही काय म्हणाला असतात? 'हो, उसळणार आहे, आणि लोकांचं फारसं चुकत नाही' असं म्हणणाऱ्याची पुढची बदली कुठे होते, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला अहवालाशिवाय माहीत होतं.

९ ऑक्टोबरला लाइपझिगच्या रस्त्यांवर सुमारे ७०,००० लोक आले. आणि 'होणार नाही' म्हटल्यापासून बरोब्बर सत्तराव्या दिवशी, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत पडली. त्या रात्री बोर्नहोल्मर स्ट्रासेच्या नाक्यावर हाराल्ड येगर नावाचे लेफ्टनंट कर्नल ड्यूटीवर होते, तेही स्टासीचेच. प्रवासावरची बंदी उठल्याची घोषणा त्यांना कळली ती कँटीनमध्ये जेवता जेवता, टीव्हीवरून. जगातल्या सगळ्यात जास्त कान असलेल्या खात्याच्या माणसाला! त्यांनी वरिष्ठांना फोनवर फोन लावले, कुणी धड हुकूम देईना, बाहेर गर्दी वाढतच गेली, आणि शेवटी रात्री साडेअकराच्या सुमारास त्यांनी आपल्याच जबाबदारीवर फाटक उघडलं. भिंतीला कान होते, पण तोंड त्या रात्री एकानंच उघडलं.

संकटात भाषण कसं करावं, याचाही नमुना आहे. चार दिवसांनी, १३ नोव्हेंबरला, मीलके संसदेत उभे राहिले. टीव्हीवर थेट प्रक्षेपण. आमचा सर्व कष्टकरी जनतेशी विलक्षण जवळचा संपर्क आहे, असं म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. (संपर्क जवळचा होता हे खोटं कसं म्हणणार?) सवयीनं खासदारांना 'कॉम्रेड' म्हणत होते, एकानं उठून हरकत घेतली की इथे सगळेच कॉम्रेड नाहीत. मीलके गडबडले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, 'पण माझं तर सगळ्यांवर प्रेम आहे, सगळ्या माणसांवर.' बत्तीस वर्षांत देशानं त्यांना इतकं मोकळेपणानं हसण्याची ही पहिलीच वेळ.

यानंतर नाव बदलून बघा. त्यांनीही त्याच आठवड्यात खात्याचं 'राष्ट्रीय सुरक्षा कार्यालय' असं बारसं केलं. लोकांनी त्याचं लगेच लघुरूप केलं, 'नासी'. नाझीशी यमक जुळलं आणि बेत तिथेच संपला.

फायलींचा मोह मात्र शेवटपर्यंत आवरत नाही, हे ध्यानात ठेवा. २ जानेवारी १९९२ पासून लोकांना आपापली फाइल बघता येऊ लागली, आणि आजवर ३० लाखांहून जास्त अर्ज आले. एका आंदोलक बाईंना फाइलमध्ये 'डोनाल्ड' नावाचा खबऱ्या भेटला. घरातल्या इतक्या बारीक गोष्टी याला कशा कळल्या, याचं उत्तर सोपं होतं. डोनाल्ड म्हणजे त्यांचे यजमान. आणि खुद्द मीलके? त्यांच्यावर खटला चालला तो स्टासीच्या कारभारासाठी नव्हे, तर १९३१ साली बर्लिनमध्ये दोन पोलीस अधिकाऱ्यांना गोळ्या घातल्याबद्दल. बासष्ट वर्षांपूर्वीच्या खुनाचा पुरावा कुठे मिळाला? साहेबांच्या स्वतःच्या तिजोरीत. तेव्हाचे कागद त्यांनी जपून ठेवले होते. सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्यांनी फाइल फेकणं आयुष्यात कधी शिकून घेतलं नाही, त्यांनी स्वतःची तरी का फेकावी?

म्हणून शेवटची सूचना खरेदी विभागासाठी. कागद फाडायची यंत्रं दणकट घ्या. १९८९ च्या हिवाळ्यात स्टासीची यंत्रं दमून बंद पडली आणि अधिकारी हातानं कागद फाडायला बसले. ४ डिसेंबरला एर्फुर्टमध्ये आधी बायका आत घुसल्या, १५ जानेवारी १९९० ला बर्लिनचं मुख्यालय लोकांनी ताब्यात घेतलं, आणि फाडलेल्या तुकड्यांची सुमारे १६,००० पोती जशीच्या तशी सापडली. न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फ गावात १९९५ पासून सरकारी कर्मचारी टेबलाशी बसून ते तुकडे चिकटपट्टीनं जोडू लागले, आणि १५ लाखांहून जास्त पानं त्यांनी पुन्हा उभी केली. जमलं कसं? प्रत्येक अधिकाऱ्यानं आपलं एकेक पान चार-आठ तुकडे करून व्यवस्थित एकाच पोत्यात टाकलं होतं, अगदी शिस्तीत, वरचं वर आणि खालचं खाली. तुम्ही निदान पोती तरी नीट हलवून घ्या.