उसना वारसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या आठवड्यात मी भाड्याच्या घरात जुन्या बाजारातल्या वस्तू कशा मांडल्या त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी ती काढलेली नाही आणि काढणारही नाही. सगळ्यांना शोधत बसायला नको म्हणून इथे उतरवते :

"मॅडम, राग मानू नका. घर भाड्याचं, वस्तू दुसऱ्याच्या घरातल्या आणि थाट मात्र वाड्याचा. ज्यांच्या घरात पिढीजात काही नसतं त्यांना असा उसना वारसा मांडावा लागतो. अकरा महिन्यांनी घरमालक बाहेर काढेल तेव्हा टेम्पोला वस्तूंपेक्षा जास्त पैसे पडतील. जुन्या लाकडातून ढेकूण आणि वाळवी येते ते वेगळंच. तुमच्यासारख्यांच्या लेखांमुळे जुन्या बाजारातले भाव चढलेत, ज्याला खरोखर स्वस्तात खुर्ची हवी त्याला ती मिळत नाही. आणि ती खुर्ची सागवानी नाही, एवढंही कळत नसेल तर लिहू नये."

"राग मानू नका" म्हणून सुरुवात करणाऱ्याला पुढे आपण काय लिहिणार आहोत ते पक्कं माहीत असतं. राग येईल असंच लिहायचं होतं, तर तो आलेला चालवून घ्या. मतभेद मला चालतात. याच लेखावर एका ताईंनी "मला नवीन, कोरं फर्निचरच आवडतं, जुन्याचा वास सहन होत नाही" असं सरळ लिहिलंय. त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. तुम्ही मात्र वस्तूंबद्दल लिहिता लिहिता माझ्या घराण्यावर गेलात. नाव न देता, मला न ओळखता.

आधी तुमचं बरोबर असलेलं सांगते, म्हणजे मी ऐकूनच घेत नाही असं व्हायला नको. खुर्ची सागवानी नाही. ती चूक माझी, आणि आजच मूळ लेखात दुरुस्त केली आहे. इराण्याच्या हॉटेलात असायची तशी गोल बैठकीची, वाकवलेल्या पाठीची खुर्ची आहे ती. हे लाकूड बीच नावाच्या युरोपीय झाडाचं. ते वाफेवर मऊ करून साच्यात वाकवतात. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी १८५९ मध्ये या घडणीची खुर्ची बाजारात आणली : लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यात खुर्ची. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसायच्या आणि बोटीने जगभर जायच्या. माझी खुर्ची कोणत्या कारखान्याची ते सांगता येणार नाही, बैठकीखालचा शिक्का घासून गेलाय. मला विकणारा "सागवान, ताई, सागवान" म्हणाला, मी विश्वास ठेवला आणि तसंच लिहिलं.

पण बघा, तुम्ही पकडलेली ही चूक माझ्याच बाजूने बोलते. ही खुर्ची कधीच कुठल्या वाड्यात नव्हती. ती चहा प्यायला टेकणाऱ्या माणसांसाठी, सोडवून, बांधून, दूर नेऊन पुन्हा जोडण्यासाठीच बनवलेली होती. भाडेकरूच्या घरात तिने नाही बसायचं तर कुठे बसायचं? तिची वेताची बैठक फाटलेली होती. ती मी एका अंध काकांकडून विणून घेतली. काका आधी बैठकीच्या कडेची सगळी भोकं अंगठ्याने मोजत फिरले. एका ठिकाणी थांबून म्हणाले, "इथे लाकूड चिरलंय, आधी सुतारला दाखवा, नाहीतर वेत ओढला की फुटेल." मला ती चीर दिवसाउजेडी दिसली नव्हती. चिकटवून पुन्हा नेली, तर दीड दिवस बसून आधी उभे, मग आडवे, मग दोन्हीकडून तिरपे असे वेत घालून त्यांनी ती जाळी भरली. भिजवलेला वेत वाळत जातो तसा ताणला जातो, विणून झाल्यावर बोटाने टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजते. दुसऱ्याच्या घरातली वस्तू म्हणता तुम्ही. एवढं केल्यावरही ती दुसऱ्याचीच राहते का?

आता "उसना वारसा". तुमच्या सहा-सात वाक्यांतलं हे एकच मी चार दिवस डोक्यातून काढू शकले नाही, म्हणून बाकीच्यापेक्षा यावरच जास्त लिहिणार आहे.

माझं माहेर लालबागचं. दहा बाय बाराची खोली, तीही भाड्याची. वडील एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. आजी चिपळूणकडच्या गावातून लग्न होऊन आली तेव्हा बरोबर भांडी घेऊन आली होती : पितळेचा हंडा आणि कळशी, एक परात, तांब्याचं घंगाळ, दोन तपेल्या. प्रत्येकावर काठाखाली छिन्नीने टिंब टिंब ठोकून तिचं नाव घातलेलं होतं. ज्यांच्या घरी अशी भांडी होती त्यांना माहीत आहे, नाव, गाव, कधी कुणी दिलं ते आणि साल. मी अक्षरं शिकले ती त्या घंगाळावर. बोट फिरवलं की टिंबं खरखरीत लागायची.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. मी आठ वर्षांची होते. पहिले काही महिने उसनवारीवर गेले. गणपतीनंतर आईने भांडी काढायला सुरुवात केली. आधी परात गेली, मग हंडा-कळशी. घंगाळ शेवटी गेलं. दुकानदाराने ते काट्यावर ठेवलं, आतून खरवडून बघितलं आणि मोडीचा भाव सांगितला. नावाचे पैसे कोण देणार? आजी दुकानात आली नव्हती. घरी आल्यावर तिने "किती आले" एवढंच विचारलं. वडिलांना गिरणीने नंतर परत घेतलं नाही, त्यामुळे त्यातलं काहीच पुन्हा घरात आलं नाही.

तेव्हा तुमचं म्हणणं शब्दशः खरं आहे. माझ्या घरात पिढीजात काही नाही. का नाही, ते मात्र तुम्ही विचारलं नाहीत. ज्यांच्या घरात पिढीजात वस्तू टिकल्या त्यांच्याकडे त्या विकायची वेळ आली नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यात घरंदाजपणा कसला? आणि जुन्या बाजारात येतं ते कुठून येतं, याचा विचार केलात कधी? कुणाच्या तरी घरात संप झाला, आजारपण आलं, वाटण्या झाल्या, वाडा पाडून बिल्डरला दिला. आमची भांडी वितळली नसतील तर आज कुणाच्या तरी दिवाणखान्यात मनीप्लँट लावून ठेवलेली असतील. ती माणसं उसना वारसा मांडून बसली आहेत असं मी म्हणणार नाही. ज्यांनी त्यांना मोडीतून वाचवलं त्यांचे मी पाय धरीन.

पुण्यात राहून तुम्ही हे लिहिलंत, असं तुमच्या बोलण्यावरून वाटतं. मग बाजीराव रस्त्याच्या जवळचं केळकर संग्रहालय पाहिलं असेलच. डॉ. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून लोकांच्या घरातले अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या गोळा केल्या, त्या संग्रहाला अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं आणि १९७५ मध्ये सगळं राज्य सरकारच्या स्वाधीन केलं. तिथली एकेक वस्तू दुसऱ्याच्या घरातलीच आहे. एवढंच काय, तिथला मस्तानी महाल मूळचा कोथरूडचा, तिथून काढून संग्रहालयात उभा केलेला. मी कोथरूडलाच राहते. या शहरात महालसुद्धा जागा बदलतात. माझी तुलना केळकरांशी नाही, तेवढी अक्कल मला आहे, पण वस्तू ज्याने जन्माला घातली त्याच्याच वंशात राहिली तरच तिचा मान, हा हिशेब मला कुणी शिकवलेला नाही आणि तुमच्याकडून मी तो शिकणार नाही.

आता भाड्याच्या घराबद्दल. बावीस वर्षांत हे माझं सातवं घर. "घरमालक बाहेर काढेल" हे तुम्ही ज्या सहजपणे लिहिलंत त्यावरून तुम्ही स्वतःच्या घरात राहता असं दिसतं. छान आहे. आम्ही दर अकरा महिन्यांनी करार नवा करतो, दर वेळी भाडं वाढवून देतो, आणि दर घरात पहिलं वाक्य ऐकतो, "भिंतीला खिळा ठोकायचा नाही." म्हणून तर मी लेखात लिहिलं होतं की माझ्या जुन्या सहा लाकडी खुंट्या मी एका फळीवर बसवून घेतल्या आहेत आणि ती फळी भिंतीला नुसती टेकवून उभी केली आहे. रंगाऱ्याची जुनी शिडी आईच्या साड्या टाकायला आहे, तसबिरी कपाटावर टेकवलेल्या आहेत. भिंतीला एक भोक नाही. जुनं फर्निचर मला परवडतं ते नुसतं स्वस्त म्हणून नव्हे. भुशाच्या बोर्डाचं नवं कपाट दोनदा सोडून जोडलं की स्क्रूची भोकं भुगा होऊन जातात, ते तिसऱ्या घरात उभं राहत नाही. माझं साधं लाकडी टेबल चौथ्या घरात आहे. लोक म्हणतात, स्वतःचं घर झालं की सजव. आई तसंच म्हणत राहिली आणि तिचं घर झालं नाही. मला वाट बघायची नाही.

टेम्पोचं विचारलंत. मागच्या वेळी हमालांसकट साडेसहा हजार गेले, एकाच फेरीत. गॅस, फ्रिज, पलंग असलेल्या कुठल्याही घराला एवढे लागतातच.

ढेकूण-वाळवीचं लेखातच लिहिलं होतं, तुम्ही वाचलं नसावं. लाकडाला बारीक भोकं असतील आणि ठोकल्यावर त्यातून ताजा पिवळट भुसा पडत असेल तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घेऊ नये. सागाच्या आतल्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला लागते. वेताची किंवा गादीची वस्तू घरात घ्यायच्या आधी एप्रिल-मेच्या उन्हात काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून गच्चीवर ठेवावी आणि सांधे नीट तपासावेत. मग पॉलिश पेपर मारून स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवलेल्या चपडीचे (लाखेच्या पापुद्र्यांचे) पातळ हात द्यावेत, एक वाळल्यावर दुसरा. हे मी बारा वर्षं करतेय. माझ्या घरात एकदाही ढेकूण झाला नाही. नव्या कोऱ्या गाद्यांतून ढेकूण आलेली घरं मात्र मी पाहिली आहेत.

भाव चढल्याचं खापर माझ्या लेखावर फोडलंत. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन बघा, हॉटेलं सजवणारे लोक सकाळीच घाऊक माल उचलून टेम्पो भरतात. मी एक खुर्ची घेतली, तीही फाटक्या बैठकीची, दोन रविवार कुणी हात न लावलेली. या मुद्द्यावर यापेक्षा जास्त बोलावं असं मला वाटत नाही.

आणखी एक, कारण दुसऱ्या एका वाचकाने खासगीत विचारलंय. देवाच्या मूर्ती आणि मुखवटे मी घेत नाही, कुणाच्या देव्हाऱ्यातून उचललेलं मला घरात नको. शिवाय शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावशेषांचा कायदा लागतो, तेव्हा "दोनशे वर्षांची आहे" असं सांगून कुणी काही विकत असेल तर सरळ पुढे चला.

स्पष्टवक्ते, तुम्हाला पुन्हा लिहावंसं वाटलं तर वस्तूंबद्दल लिहा. खुर्चीच्या लाकडाचं सांगितलंत ते उपयोगी होतं, त्याबद्दल आभार मानते. माणसांच्या घराण्याबद्दल लिहिणार असाल तर पुढची प्रतिक्रिया मी छापणार नाही, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

लेखातल्या फोटोत खिडकीत जे घंगाळ दिसतं त्यावर कुणा वेगळ्याच बाईंचं नाव आहे आणि साल १९५८. घासताना मी ते नाव चिंचेने अलगद साफ करते, टिंबं बुजू देत नाही. त्यांच्या घरातलं कुणी हे वाचत असेल आणि ओळखू आलं, तर मला इमेल करा. भांड्यावरचं गाव सांगा, म्हणजे खात्री पटेल. मी स्वतः आणून देईन, पैसे नकोत. आमचंही कुठे दिसलं तर कळवा. तांब्याचं आहे, काठाला एका बाजूने चेप आहे, आणि नावाच्या पुढे चिपळूण लिहिलेलं आहे.